वाचकांचे प्रश्न : घरचीच गाडी आणि अडीचशे किलोची तिजोरी

या महिन्यात आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच विषयावरची आहेत. जड वस्तू घरच्याच गाडीतून हलवायची आहे, कशी नेऊ? म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिली. सुरुवातीलाच एक सांगतो, जवळपास प्रत्येक पत्रात "बसेल का" हा प्रश्न आहे आणि "ब्रेक मारल्यावर काय होईल" हा एकातही नाही. माझ्या मते क्रम उलटा हवा.

प्रश्न : सर, आमच्याकडे जुनी लोखंडी तिजोरी आहे. कमरेच्या थोडी वर येते, वजन २५० किलो आहे असं घेताना सांगितलं होतं. ती नव्या घरी न्यायचीय. आमची हॅचबॅक आहे, टेप लावून बघितलं तर मागची सीट पाडली की मापात बसतेय. मेहुण्याकडे पिकअप आहे पण तो म्हणतो एवढ्यासाठी पिकअप कशाला काढायची, कारमध्येच टाकू, उचलायला आपण चौघं आहोत. काय करावं?

उत्तर : पिकअप काढा. मेहुण्यांना माझं नाव सांगा हवं तर, पण तिजोरी हॅचबॅकमध्ये घालू नका. कारण नीट सांगतो म्हणजे त्यांनाही पटेल.

गाडीच्या कागदांवर किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर गाडीचं कमाल एकूण वजन लिहिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते तुम्ही गाडीत घालू शकता. पण त्यात माणसंही आली, हे लोक हमखास विसरतात. समजा गाडी रिकामी ९५० किलोची आहे आणि कमाल १३८० लिहिलंय, म्हणजे हातात आले ४३०. गाडीत ड्रायव्हर धरून ७०-७० किलोची तिघं बसली की २१० गेले, उरले २२०. तिजोरी २५०. म्हणजे हिशोब तिथेच फिसकटला. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, पण वजाबाकी हीच करायची.

बरं, एकट्याने चालवत नेली आणि हिशोबात बसली, तरी वजन कुठे येतंय हा मुद्दा राहतोच. सीट पाडली तरी एवढी जड चीज कोणी आत पुढपर्यंत सरकवत नाही, ती डिकीच्या तोंडाशीच राहते, म्हणजे मागच्या चाकांच्याही मागे. मग गाडीचा सीसॉ होतो. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असेल आणि तिजोरी मागच्या चाकांच्या अर्धा मीटर मागे असेल, तर मागच्या चाकांवर २५० नाही, ३०० किलो येतात आणि पुढची चाकं ५० किलोने हलकी होतात. स्टिअरिंग पुढच्या चाकांवर चालतं, ब्रेकचं जास्त कामही पुढची चाकंच करतात. तीच हलकी झाली की गाडी वळणाला ऐकत नाही, आणि मागून बसल्यामुळे हेडलाइट वर उचलले जाऊन समोरच्याच्या डोळ्यात जातात. त्यात बऱ्याच गाड्यांच्या डिकीत खाली स्टेपनीचा खड्डा असतो आणि वर नुसता दाबलेल्या लगद्याचा पातळ बोर्ड. त्यावर तिजोरीचा एक कोपरा टेकला की बोर्ड गेलाच समजा.

आता पिकअपचं. मागच्या स्प्रिंगचे पाटे आणि टायर अशा वजनासाठीच असतात त्यामुळे गाडीची काळजी कमी, काळजी आहे ती तिजोरी हलण्याची. जोराचा ब्रेक लागला की मालाला पुढच्या दिशेने किती रेटा बसतो याचा आकडा ठरलेला आहे. ईएन १२१९५-१ या युरोपातल्या माल बांधणीच्या मानकात रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी पुढच्या बाजूला वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे ०.५ पट धरायला सांगितलंय. म्हणजे तुमची तिजोरी ब्रेकच्या वेळी २०० किलोच्या जोराने पुढे जाऊ बघणार. लोखंडी हौद्यावर लोखंडी तिजोरी नुसती ठेवली तर घर्षण त्यातले फार तर ५० किलो अडवेल. तिच्याखाली जाड रबरी मॅट टाकली तर मात्र १५० किलोपर्यंत अडवू शकेल. एवढा फरक नुसत्या मॅटने पडतो! तरी लोक चार-चार दोऱ्या आवळतात आणि मॅट घालत नाहीत, हे मला फार खटकतं. मॅट कोरडी आणि हौदा झाडलेला हवा, खाली वाळूचे कण असले की ते गोळ्यांसारखे फिरतात आणि पकड जाते.

तिजोरी उभी नेऊ नका. बूड ६० सेंटीमीटर आणि उंची १ मीटर धरली तर वजनाच्या ०.६ पट रेट्यालाच ती कलंडते, आणि ब्रेकला मिळतो ०.८. सरकण्यापासून अडवली तरी उलटेल. पाठीवर आडवी ठेवा, दरवाजा वर. दरवाजा हा तिजोरीचा सगळ्यात जड भाग असतो, तो आकाशाकडे असला की स्वतःच्या वजनानेच बंद राहतो, तरी कुलूप लावाच, आणि आतलं सगळं आधी बाहेर काढा. आडवी ठेवून हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवा म्हणजे पुढे जायला जागाच नाही. भिंत आणि तिजोरी यांच्यात फट राहिली तर लाकडी ठोकळे घट्ट बसवा. पुढे अडवलेली वस्तू अर्धी सुरक्षित झालीच.

मग पट्टे. रॅचेटचे, म्हणजे दांडा मागेपुढे करून आवळायचे पट्टे घ्या, दोन तरी. त्यावर शिवलेल्या लेबलवर क्षमता डेकान्यूटनमध्ये लिहिलेली असते, १ डेकान्यूटन म्हणजे साधारण १ किलोचा जोर असं समजून चला. लेबल नसलेला किंवा कडेला उसवलेला पट्टा वापरू नका. नायलॉनची दोरी नको, ती ताणते, सुरुवातीला कितीही आवळली तरी धक्क्याधक्क्याने सैल पडते. पट्टा वरून टाकून खाली दाबायचा असेल तर तो हौद्याशी जितका उभा असेल तितकं चांगलं. तिरका होत होत जमिनीशी ३० अंशांवर आला तर दाबायची ताकद निम्मी होते. कोपऱ्यांवर पट्टा कापला जाऊ नये म्हणून जाड पुठ्ठा किंवा जुन्या पायपाचा चिरलेला तुकडा घाला. आणि निघाल्यावर थोडं अंतर गेलं की थांबून पुन्हा आवळा, कारण सामान बसतं आणि पट्टा ढिला होतो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी कोणी थांबत नाही.

चढवायचं कसं? चौघांनी हाताने उचलू नका. २५० भागिले ४ म्हणजे ६२ किलो होतात, आणि जिन्यावर तर खालच्या दोघांवरच जास्त भार येतो. नायॉश या अमेरिकेतल्या संस्थेच्या सूत्रात सगळं अनुकूल असताना सुद्धा एका माणसाने उचलायची मर्यादा २३ किलो धरलीय. उताराची फळी लावा. हौदा ८० सेंटीमीटर उंच असेल तर ४ मीटर लांबीच्या फळ्यांवर पाचास एक असा चढ मिळतो, म्हणजे चढवायला लागणारा जोर वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढा, ५० किलो अधिक घर्षण. हे माणसांना झेपतं. फळी मात्र एवढा भार पेलणारी आणि वरच्या टोकाला हौद्याला बांधलेली हवी. तिजोरीखाली लोखंडी पाईप घालून पहारीने रेटत नेली की घर्षणही फारसं उरत नाही, पण पाईपवर चढलेली वस्तू उलटी यायलाही तितकीच तयार असते. म्हणून वरून दोरखंड बांधून तो पक्क्या जागी अडकवलेला हवा, पहारीवाला बाजूला उभा राहील आणि दर वीतभर सरकली की मागे ठोकळा लागला पाहिजे. उताराच्या खालच्या बाजूला, म्हणजे तिजोरीच्या वाटेत, कोणीही उभं राहायचं नाही. कोणीही म्हणजे कोणीही, धरायलासुद्धा नाही. सुटली तर सुटू द्या. लोखंड परत मिळतं.

उतरवताना हेच सगळं उलट्या क्रमाने, आणि जास्त हळू, कारण तेव्हा माणसं थकलेली असतात आणि पोचलो एकदाचे म्हणून घाईत असतात.

नव्या घरात जिना असेल आणि वरच्या मजल्यावर न्यायची असेल, तर तेवढ्या भागासाठी तरी जिन्यावर चढणारी ट्रॉली असलेली माणसं बोलवा. गाडीतून नेणं घरच्यांना जमू शकतं. जिन्यावरून अडीचशे किलो चढवणं घरच्यांचं काम नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : लोखंडी कपाट टेम्पोत उभं ठेवून नेणार आहोत. दोरी नाहीये पुरेशी, पण माझे दोन्ही मुलगे मागे हौद्यात बसून दोन्हीकडून धरून ठेवतील, तरणेताठे आहेत. चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. ताई, बाकी सगळी पत्रं बाजूला ठेवून आधी तुम्हाला उत्तर लिहिलंय.

कपाटाचा अंदाज काढू. १ मिलीमीटर जाडीचा १ चौरस मीटर लोखंडी पत्रा जवळपास ८ किलोचा असतो. पूर्ण उंचीच्या कपाटात पाठ, दारं, बाजू आणि कप्पे मिळून ९-१० चौरस मीटर पत्रा सहज जातो, त्यात आतली तिजोरी, आरसा, कुलपाचा दांडा. पत्र्याच्या जाडीप्रमाणे ६० ते १०० किलो. जोराच्या ब्रेकला १०० किलोचं कपाट ८० किलोच्या जोराने पुढे ढकलतं, आणि त्याच क्षणी तुमच्या मुलांना स्वतःच्या अंगाचाही तोल सावरायचा असतो. ते कपाट धरणार की स्वतःला? उभं कपाट वरून जड वाटतं, खाली अरुंद असतं, ते माणसावरच कलंडतं. आणि नुसता ब्रेक न लागता टक्कर झाली, ताशी ५० किलोमीटर वेगात गाडी ६० सेंटीमीटरमध्ये थांबली, तर तो झटका गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट असतो. १०० किलोचं कपाट त्या क्षणी १६०० किलोसारखं वागतं. तरणाताठा असो नाहीतर पैलवान, ते कोणाच्याही हातात राहणार नाही.

मालाच्या हौद्यात माणूस बसवणं बहुतेक ठिकाणी कायद्यालाही मान्य नाही, पण कायदा बाजूला ठेवला तरी मालाच्या शेजारी माणूस नको, ही माझी कळकळीची विनंती आहे. पट्टे विकत घ्या, मागून आणा, शेजाऱ्यांकडून आणा. ते मिळेपर्यंत कपाट आज नाही उद्या जाईल. आणि नेताना आडवं, पाठीवर, दारं वर, खाली गोधडी किंवा फोम, आरसा निघत असेल तर काढून वेगळा. कप्पे काढून घेतले की कपाट बरंच हलकं होतं, आणि किल्ली खिशात ठेवा, कुलपात ठेवली तर वाकते.

प्रश्न : फ्रिज आडवा नेला तर बिघडतो हे खरं आहे का? आमच्या गाडीत उभा मावत नाही.

उत्तर : आडवा नेल्याने दरवेळी बिघडतोच असं नाही, पण धोका खरा आहे. खाली कॉम्प्रेसर असतो, त्यात तेल असतं. फ्रिज आडवा झाला की तेल तिथून निघून थंडाव्याच्या नळ्यांत जाऊ शकतं. तसाच चालू केला तर कॉम्प्रेसरला तेल कमी पडतं आणि नळी तुंबूही शकते. शिवाय आतला कॉम्प्रेसर स्प्रिंगवर बसवलेला असतो, आडव्या स्थितीत खड्ड्यांतून आदळला की ते स्प्रिंगही त्रासतात. त्यामुळे उभा नेता येत असेल तर उभाच. आडवा न्यायलाच लागला तर कुठल्या कुशीवर ठेवायचा ते माहितीपुस्तिकेत बघा, दारावर किंवा पाठीवर टाकू नका. पोचल्यावर निदान जेवढा वेळ आडवा होता तेवढा वेळ तरी उभा ठेवून मगच चालू करा. मी तर पूर्ण दिवस थांबेन, एका दिवसाने काही अडत नाही.

आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्या, काचेचे कप्पे काढा, दार चिकटपट्टीने बंद करा.

उघड्या पिकअपमध्ये उभा नेणार असाल तर अजून एक गोष्ट, वारा. मोठ्या फ्रिजची समोरची बाजू सव्वा चौरस मीटरच्या आसपास भरते. ताशी ८० च्या वेगाला एवढ्या सपाट पृष्ठभागावर ४० किलोच्या जवळपास जोर येतो, आणि वेग निम्मा केला की तो जोर एक चतुर्थांश होतो. म्हणून केबिनच्या लगेच मागे, भिंतीला चिकटवून बांधा आणि हळू चालवा. बांधताना पट्टा दाराच्या हँडलवरून किंवा मागच्या जाळीवरून नको, कडेच्या मजबूत अंगावरून घ्या.

प्रश्न : ग्रॅनाइटचा टेबलटॉप आहे, दीड मीटर बाय नव्वद सेंटीमीटर, दोन सेंटीमीटर जाड. कारच्या टपावर कॅरिअर आहे त्यावर झोपवून नेता येईल का?

उत्तर : वजन आधी बघू. ग्रॅनाइटची घनता साधारण २.७, म्हणजे १ घनमीटरला २७०० किलो. तुमचा दगड ०.०२७ घनमीटर भरतो, म्हणजे ७३ किलो. बऱ्याच कारच्या टपाची मर्यादा ५० ते ७५ किलो असते आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही मोजायचं असतं, म्हणजे जवळपास कुठल्याच कारला हे जमणार नाही. टपावर वजन चढलं की गाडी वळणावर जास्त झुकते ते वेगळंच.

पण वजन बसलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं, कारण झोपवणं हीच चूक आहे. दगड दाबायला जबरदस्त मजबूत, वाकायला कमजोर. दोन आडव्या दांड्यांवर झोपवला की प्रत्येक खड्ड्याला मधून वाकू बघतो, आणि सिंकसाठी किंवा वायरसाठी भोक पाडलेलं असेल तर तिथूनच तडा जातो. दगडवाले लोक फरशा नेहमी कडेवर उभ्या, किंचित कललेल्या नेतात, तेच करा. मागे फळीची चौकट, खाली लाकडी पट्ट्या, मध्ये फोम, आणि दगड चौकटीला धरून बांधलेला. उचलतानाही दोघांनी उभाच धरायचा, आडवा धरून चालायचं नाही.

प्रश्न : पुढून दार असलेलं वॉशिंग मशीन न्यायचंय. मागे चार बोल्ट लावायला सांगतात, ते आमच्याकडे नाहीत. लागतातच का?

उत्तर : लागतात. आतला ड्रम स्प्रिंगवर टांगलेला असतो आणि त्याला काँक्रीटची किंवा तसली जड वजनं लावलेली असतात, म्हणूनच तर ते मशीन ६० ते ८० किलोचं होतं. बोल्ट नसले की ते सगळं आत झुलत आपटत राहतं. कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांना मॉडेल सांगून बोल्ट मागवा. खालच्या फिल्टरमधून पाणी आधी काढा नाहीतर गाडीत सांडेल. मशीन उभं न्या, आणि पोचल्यावर चालू करायच्या आधी बोल्ट आठवणीने काढा.

प्रश्न : सोफा-कम-बेड डिकीतून दोन फूट बाहेर येतोय. डिकी अर्धी उघडी ठेवून दोरीने बांधली तर?

उत्तर : दोन गोष्टींची भीती वाटते. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे सायलेन्सरचा धूर उघड्या डिकीतून आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं जड होईपर्यंत कळतही नाही. दुसरं, नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात. किती बाहेर आलेलं चालतं त्याचे नियम जागोजागी वेगळे आहेत. थोड्या अंतरासाठी न्यायचंच झालं तर पुढच्या काचा उघड्या ठेवा, पंखा बाहेरची हवा आत घेईल असा जोरात लावा, टोकाला लाल कापड बांधा आणि मागे लहान मुलं बसवू नका. त्यापेक्षा सोफ्याचे पाय आणि पाठ सुटतात का ते बघा, बऱ्याचदा चार स्क्रूचं काम असतं.

प्रश्न : मागच्या आठवड्यात स्टेशन वॅगनमधून बरंच जड सामान हलवलं, गाडी खूप दबली होती. आता खड्ड्यात मागून खट्ट असा आवाज येतो. असाच राहू दिला तर?

उत्तर : राहू देऊ नका. गाडी सपाट जागी उभी करून मागच्या दोन्ही चाकांच्या वरची जागा मोजा, एका बाजूला कमी असेल तर स्प्रिंग गेली असण्याची शक्यता आहे. शॉकअॅब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ दिसतो का ते बघा. मग टायर. बाजूच्या भिंतीवर हात फिरवा, आतल्या बाजूनेसुद्धा, कुठे फुगा आलेला लागला तर आतले धागे तुटलेत, तो टायर त्याच दिवशी काढा, त्यावर लांब जाऊ नका. टायरवर मापाच्या शेवटी एक आकडा असतो, ८२ असेल तर एका टायरची कमाल क्षमता ४७५ किलो, ९१ असेल तर ६१५. पण ती क्षमता हवा पुरेशी असेल तरच खरी. भरल्या गाडीसाठी हवा जास्त लागते, तो आकडा दाराच्या चौकटीवरच्या त्याच पट्टीवर वेगळा दिलेला असतो. सामान नेताना हवा वाढवली होती का? नसेल तर टायर गरम होऊन आतून दुखावला असू शकतो, मेकॅनिककडे गाडी देताना हे त्यांना आवर्जून सांगा म्हणजे ते टायर उतरवून आतून तपासतील.